चतकोर

रात्री तीनला भट्टी पेटवतो मी.
मार्राकेता, आमच्या वाल्पाराइसोचा पाव:
हातानं मोडला की चार तुकडे,
सुरी लागत नाही.
एकतीस वर्षं ऑर्फेलिना त्यातले तीन खायची
आणि चौथ्याकडे बघून हसायची.
आता एक चतकोर.
त्यालाही वीस मिनिटं.

सहीच्या आधी डॉक्टर आरानेदांनी
कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं:
ही पिशवी. एवढी कापणार.
ही उरणार, केळ्याएवढी.
काढलेलं परत बसवता येत नाही, म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावलं.
मग टाक्यांतून गळती, रक्ताच्या गुठळ्या,
पित्ताचे खडे, जन्मभराच्या गोळ्या.
शंभरात किती जणांना काय होतं
ते बाजारभाव सांगावा तसं सांगत होते.
मी पाववाला, शेकडा मला कळतो.
शंभरात एक करपला तर बाजूला टाकतो.
हा एक कुठे टाकायचा,
विचारलं नाही.

तिनं विचारलं, "आणि नाही केलं तर?"
डॉक्टरांनी तिच्याच साखरेचा कागद
तिच्यापुढे सरकवला.
झोपेत तिचा श्वास थांबायचा, मी मोजायचो,
नऊ, दहा, अकरा,
मग कोपरानं ढोसायचो.
तिचा भाऊ बेचाळिसाव्या वर्षी खुर्चीतच गेला.
तो त्या खोलीत होता. कुणी नाव काढलं नाही.

शेजारच्या खाटेवर मिरेया, किल्पुएची, शाळामास्तरीण.
तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला,
पडदा ओढला, पुन्हा आत नेलं.
तिच्या नवऱ्याचं जाकीट दोन दिवस
खुर्चीच्या पाठीवर तसंच.
(वाचली ती. नाताळात कार्ड आलं,
अक्षर जरा हललेलं.)

टीचभर पोटासाठी, असं म्हणायची सोय
आमच्या घरात राहिली नाही.
खरंच टीचभर झालंय.
पहिला महिना गाळलेलं सूप, औषधाच्या पेल्यानं.
चौथ्यात न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता,
तिच्याआधी जाऊन मी काढून टाकायचो.
तिला ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.
सहाव्यात इन्सुलिन फ्रिजमधून गेलं.
त्या जागी मी लोणी ठेवलं,
मग तेही उचललं.

आमच्या टेकडीला एकशे बासष्ट पायऱ्या.
पूर्वी ती तीनदा थांबायची, आणि प्रत्येक वेळी
थांबण्याला कारण द्यायची:
बघ, जहाज. बघ, कुणाचं मांजर.
परवा न थांबता वर गेली,
हातात बटाट्यांची पिशवी.
साठाव्या पायरीवर मीच थांबलो,
म्हणालो, बघ, जहाज.

रविवारी बहिणी येतात. "आजारी दिसतेस"
आणि "नशीब काढलंस", एकाच दमात.
गोडाचा घास चुकून जास्त गेला की
तिला घाम फुटतो, हात कापतात,
ती मोरीपाशी उभी राहते, पाठमोरी.
दंडाखालची सैल कातडी
ती अंधारातही माझ्यापासून लपवते.
माझे हात पिठाचे. फुगून बसलेलं पीठ
त्यांना परकं नसतं.
हे तिला सांगावं की नाही, अजून ठरत नाही.

एकदा मध्यरात्री म्हणाली,
"भूक नाही लागत रे.
भुकेची आठवण येते."
मी दिवा लावला नाही.
तिचा हात धरला. अंगठी
काळ्या दोऱ्यानं गुंडाळून घट्ट केलेली.

रोज सकाळी पाव मोडतो.
एक तुकडा तिचा.
तीन टाकवत नाहीत, भट्टीवरच्या माणसाला टाकवत नाहीत.
माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय, खिळ्यानं.
ती बघते, बोलत नाही.

काल झोपेत बरगडीत कोपर लागलं.
"अकरापर्यंत मोजलं," ती म्हणाली.